सूज कोण उतरवते? शरीरातल्या दाहशामकांच्या शोधाची पार्श्वभूमी

बोटात काटा मोडतो. दुसऱ्या दिवशी बोट लाल होते, सुजते, ठणकते आणि चार-सहा दिवसांत पुन्हा होते तसे होते. यातला पहिला भाग, म्हणजे सूज चढण्याचा, वैद्यकाने दोन हजार वर्षे बारकाईने पाहिला. सूज उतरण्याकडे मात्र कोणी फारसे वळून पाहिले नाही. काटा निघाला, जंतू मेले, की सूज आपोआप ओसरणार. त्यात शोधायचे काय, असाच समज होता. या समजाला पहिला मोठा तडा 1948 मध्ये गेला. तो पुरता मोडायला मात्र आणखी पन्नास वर्षे लागली, कारण शरीराच्या स्वतःच्या दाहशामकांपैकी, म्हणजे ही सूज-लाली (दाह) उतरवणाऱ्या द्रव्यांपैकी, जवळजवळ प्रत्येक जण भलतेच काहीतरी शोधताना सापडला आहे.

दाहाची लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणे पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्ससने नोंदवून ठेवली. अवयवाचे काम थांबणे हे पाचवे लक्षण त्यात पुढे जोडले गेले. दाह हा स्वतः रोग नसून शरीराची उपकारक हालचाल आहे, असे इंग्रज शल्यविशारद जॉन हंटर यांनी मांडले. हे मांडणारा त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1794 मध्ये निघाला. 1867 मध्ये युलियस कोनहाइम यांनी बेडकाच्या पारदर्शक ऊतीत पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीची भिंत पार करून बाहेर पडताना पाहिल्या. 1882 मध्ये इल्या मेचनिकॉफ यांनी मेसिना इथे तारामाशाच्या डिंभकाच्या अंगात काटे टोचले आणि भटक्या पेशी त्या काट्यांभोवती गोळा झालेल्या पाहिल्या. या पेशी परक्या वस्तू गिळतात, हा त्यांचा सिद्धांत त्यांना 1908 चे नोबेल देऊन गेला. मोठ्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, आपल्याच थकलेल्या लहान पांढऱ्या पेशींनाही गिळतात, हेही मेचनिकॉफ यांनी पाहिले होते. हे निरीक्षण मात्र शंभर वर्षे तसेच पडून राहिले. लढाई रंगात असताना रणांगण कोण साफ करतो आहे, हे बघायची कोणाला हौस नव्हती.

खरी गोष्ट सुरू होते ती 1929 मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. तिथले संधिवाततज्ज्ञ फिलिप हेंच यांच्याकडे 65 वर्षांचे एक डॉक्टर रुग्ण म्हणून आले होते. त्यांना जुना आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस होता. मध्येच त्यांना कावीळ झाली आणि कावीळ दिसल्यापासून एक-दोन दिवसांतच सांध्यांचे दुखणे कमी होऊ लागले. कावीळ गेल्यावरही आराम काही महिने टिकला. अशी हकीकत एखाद्या रुग्णाने सांगितली तर बहुतेक डॉक्टर मान डोलावून पुढचा प्रश्न विचारतील. हेंच यांनी अशा रुग्णांची यादीच करायला घेतली. त्या काळी आमवात हा एकदा लागला की माणसाला हळूहळू वाकवत नेणारा, परत न फिरणारा आजार समजला जाई. तो काही काळ का होईना मागे हटतो, म्हणजे सांध्यात जे चालले आहे ते उलटवता येते, हा निष्कर्ष हेंच यांना कावीळीपेक्षा महत्त्वाचा वाटला.

मग त्यांनी काविळीची नक्कल करायचा प्रयत्न केला. पित्त दिले, पित्ताचे क्षार दिले, काविळीच्या रुग्णांचे रक्तही देऊन पाहिले. काहीच लागू पडले नाही. दरम्यान दुसरी नोंद झाली: गरोदरपणात अनेक स्त्रियांचा आमवात शांत होतो आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत उलटतो. आता कावीळ आणि गर्भारपण यांत सामाईक काय? हेंच यांनी तर्क केला की दोन्ही अवस्थांत शरीरातच काहीतरी तयार होते किंवा साठते. ते पित्तातले नाही आणि केवळ स्त्री संप्रेरकही नाही, कारण पुरुषांतही तोच परिणाम दिसतो. त्या अज्ञात वस्तूला त्यांनी ‘पदार्थ एक्स’ म्हटले. औषधाच्या कपाटात नसलेली, पण रुग्णाच्याच अंगात असलेली गोष्ट शोधायला निघालेले ते पहिलेच असावेत.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. 1914 मध्ये नाताळच्या दिवशी थायरॉक्सिन वेगळे काढल्याबद्दल ते आधीच प्रसिद्ध होते. 1930 च्या दशकात ते गुरांच्या अॅड्रिनल ग्रंथींमधून एकेक संयुग वेगळे करत बसले होते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या या लहान ग्रंथी निकामी झाल्या की माणूस खंगत जाऊन मरतो, हे टॉमस अॅडिसन यांनी 1855 मध्येच दाखवले होते. पण त्या ग्रंथी नेमके काय करतात याचा उलगडा झालेला नव्हता. केंडल यांनी आपल्या संयुगांना ए, बी, ई, एफ अशी अक्षरे दिली. स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन स्वतंत्रपणे तीच संयुगे काढत होते. 1941 च्या सुरुवातीला हेंच आणि केंडल यांनी ठरवले की संयुग ई पुरेसे मिळाले की ते आमवातात वापरून पाहायचे. मिळत नव्हते ही खरी अडचण होती. हजारो गुरांच्या ग्रंथी आटवून हाताशी यायचे ते चिमूटभर.

ही अडचण युद्धाने सोडवली, आणि तीही एका अफवेच्या जोरावर. जर्मन वैमानिकांना अॅड्रिनलचा अर्क टोचतात, त्यामुळे ते फार उंचीवरही टिकून राहतात, अशी कुजबुज अमेरिकेत पसरली. तिच्यात तथ्य नव्हते, पण संशोधनाला सरकारी पाठबळ मिळाले. मर्क कंपनीतल्या लुईस सॅरेट यांनी 1944 मध्ये गुरांच्या पित्तातल्या आम्लापासून सुरुवात करून, तीसहून अधिक टप्प्यांच्या लांबलचक मार्गाने, संयुग ई प्रयोगशाळेत बनवले. हेंच यांनी पित्त पाजून काही साधले नव्हते. शेवटी औषध पित्तातूनच आले, फक्त मधले टप्पे शरीराऐवजी रसायनशास्त्रज्ञाने केले.

21 सप्टेंबर 1948 रोजी 29 वर्षांच्या एका स्त्रीला या संयुगाचे पहिले इंजेक्शन दिले गेले. ती अंथरुणाला खिळली होती आणि बाकीचे उपाय थकले होते. रोज 100 मिलिग्रॅम मात्रा सुरू केल्यावर तीन दिवसांत तिचा ताठरपणा बराच उतरला आणि आठवडाभरात ती चालत खरेदीला जाऊन आली. पुढच्या वसंतात हेंच यांनी रुग्णांचे औषधाआधीचे आणि नंतरचे चित्रीकरण सहकाऱ्यांना दाखवले. संयुगाचे नाव आता कॉर्टिसोन झाले होते. 1950 चे वैद्यकाचे नोबेल हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना मिळाले. पहिल्या इंजेक्शनपासून नोबेलपर्यंत दोन-सव्वादोन वर्षे, हा वेग त्या पुरस्काराच्या इतिहासात विरळाच.

इथे एक तपशील बहुतेक वर्णनांतून निसटतो. कॉर्टिसोन स्वतः निष्क्रिय आहे. यकृतातले एक विकर (एन्झाइम) त्याचे कॉर्टिसॉल करते आणि खरे काम कॉर्टिसॉल करते, म्हणजे केंडल यांच्या यादीतले संयुग एफ. दुसरा तपशील मात्रेचा. निरोगी शरीर दिवसाला साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनवते, तेही पहाटे जास्त आणि मध्यरात्री अगदी थोडे, अशा चढउतारात. पहिल्या रुग्णाला त्याच्या कितीतरी पट, सलग आणि सगळ्या शरीराला मिळत होते. गोल चेहरा, वाढलेली साखर, ठिसूळ हाडे, बिघडलेली झोप आणि औषध बंद करताच उसळून येणारा आजार ही यादी दोन-तीन वर्षांतच तयार झाली. हेंच स्वतः ‘बरे करणारे औषध’ हा शब्द टाळत आले होते आणि ते योग्यच होते. पण या दुष्परिणामांमुळे एक चुकीची समजूतही रुजली: दाह शमवणे हा कॉर्टिसॉलचा नैसर्गिक गुण नसून मोठ्या मात्रेत दिसणारा औषधी परिणाम आहे. पुढची तीसेक वर्षे पाठ्यपुस्तके जवळपास असेच शिकवत राहिली. शरीर तणावाच्या वेळी हा रस सोडते ते बळ यावे म्हणून, असे मानले जाई. मग तोच रस संरक्षणाची फळी का दाबतो, हे कोडे बाजूला ठेवले जाई.

कोड्याचे उत्तर एकाने 1951 मध्येच दिले होते. मारियस टाउस्क यांनी म्हटले की घराला आग लागली तर अग्निशामक दलाचे पाणीही घराचे नुकसान करते. अॅड्रिनलचा रस आग विझवायला नाही, त्या पाण्यापासून घर वाचवायला येतो. फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1984 मध्ये अॅलन मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार पुराव्यांसह पुन्हा मांडला, तेव्हा तो रुजला. अॅड्रिनल काढून टाकलेले प्राणी जिवाणूंच्या विषाच्या अगदी छोट्या मात्रेने मरतात हे तर कधीपासून माहीत होते. ते विषाने मरत नाहीत, विषाला दिलेल्या स्वतःच्याच बेफाम प्रतिसादाने मरतात, असे आता वाचता येऊ लागले.

त्यानंतर दुवे भराभर जुळले. 1986 मध्ये ह्यूगो बेसेडोव्स्की यांच्या गटाने दाखवले की इंटरल्युकिन-1 हा दाहाचा मुख्य निरोप्या मेंदूमार्फत अॅड्रिनलला कॉर्टिसॉल सोडायला लावतो. म्हणजे दाहच आपल्या शमनाची मागणी नोंदवतो. 1989 मध्ये एस्थर स्टर्नबर्ग आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दोन जातींची तुलना प्रसिद्ध केली. जिवाणूच्या भित्तिकेचे तुकडे टोचले की लुइस जातीच्या उंदरांना संधिवात होतो, फिशर जातीच्यांना होत नाही. लुइस उंदरांचा मेंदू कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकाची मागणी नीट पोचवत नाही, हे त्यातले कारण निघाले. आणि फिशर उंदरांत त्या संप्रेरकाचा परिणाम औषधाने अडवताच तेही आजारी पडले. नैसर्गिक मात्रेतले, घरचे संप्रेरक दाह आवरत असते याचा याहून स्वच्छ पुरावा मागायला जागा नव्हती.

कॉर्टिसॉल हे काम पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊन करते. आपल्या रिसेप्टरला, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटून ते आत शिरते, दाहाची जनुके चालू करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला अटकाव करते आणि काही दाहशामक प्रथिनांची जनुके उलट चालू करते. त्यातले एक प्रथिन रॉड फ्लॉवर यांच्या गटाने 1980 च्या सुमारास हेरले. स्टेरॉइड दिलेल्या पेशींच्या द्रवात असे काहीतरी उतरत होते की तो द्रव दुसऱ्या पेशींवर घातला तरी प्रोस्टाग्लँडिन हे सूज वाढवणारे रेणू बनणे घटत होते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी त्याला वेगवेगळी नावे दिली, नंतर सगळ्यांनी मिळून लिपोकॉर्टिन ठरवले आणि शेवटी ते अॅनेक्सिन ए-1 म्हणून स्थिरावले. त्याची गरज पुढे पुन्हा पडेल.

आता दुसरा धागा, तो अॅस्पिरिनपासून सुरू होतो. 1971 मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले की अॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते. पेशीच्या आवरणातल्या अॅराकिडॉनिक आम्लापासून बनणारे हे स्निग्ध रेणू वेदना, ताप आणि सूज वाढवतात. व्हेन, सुने बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएल्सन यांना 1982 चे नोबेल मिळाले. तोवर चित्र सरळ वाटत होते: स्निग्ध रेणू दाह पेटवतात, औषधे ते बनू देत नाहीत, दाह बसतो. औषध कंपन्यांनी पुढची वीस वर्षे या एका वाक्यावर काढली म्हटले तरी चालेल.

स्टॉकहोममधल्या कॅरोलिन्स्का संस्थेत सॅम्युएल्सन यांच्याबरोबर काम करणारे चार्ल्स सेरहान यांना 1984 मध्ये पांढऱ्या पेशींत अॅराकिडॉनिक आम्लापासूनच बनलेला एक नवा गट मिळाला. त्याचे नाव लिपॉक्सिन. बाकीच्या भावंडांनी न्यूट्रोफिल या लहान पांढऱ्या पेशींना दाहाच्या जागी बोलवायचे, तर यांनी त्यांना थांबवायचे, असे त्यांचे उलटे वागणे होते. कच्चा माल तोच, काम विरुद्ध. सुरुवातीला ही एक विक्षिप्त रासायनिक नोंद एवढेच तिचे मोल होते. सेरहान पुढे बॉस्टनला गेले आणि उंदराच्या पाठीवर हवेचा फुगवटा करून त्यात दाह निर्माण करण्याच्या पद्धतीने त्यांनी तासातासाला द्रव काढून मोजायला सुरुवात केली. यात नवे होते ते घड्याळ. तोपर्यंत दाहाचे बहुतेक प्रयोग सूज शिगेला पोचली की संपवले जात. सेरहान यांचा गट ती ओसरेपर्यंत थांबला.

2001 मध्ये त्यांनी जे मांडले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत सुंदर निरीक्षण वाटते. सुरुवातीला सूज वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन ई-2 आणि डी-2 हेच काही तासांनी न्यूट्रोफिलांना नवे विकर बनवायला लावतात, आणि त्या विकरामुळे त्याच पेशी लिपॉक्सिन बनवू लागतात. म्हणजे दाहाच्या पहिल्या पावलातच त्याच्या शेवटाची तयारी असते. सूज चढवणाऱ्यालाच ती उतरवण्याचे काम वाटून दिलेले आहे.

याचा एक अस्वस्थ करणारा अर्थ 1999 मध्येच पुढे आला होता. लंडनमध्ये डेरेक गिलरॉय आणि डेरेक विलोबी यांच्या गटाने उंदरांच्या फुप्फुसाच्या आवरणात दाह उठवला आणि प्रोस्टाग्लँडिन बनवणारे कॉक्स-2 हे विकर मोजले. पहिल्या काही तासांत ते वाढले, हे अपेक्षितच होते. पण 48 तासांनी, दाह ओसरत असताना, ते पुन्हा वाढले, आणि पहिल्यापेक्षा जास्त. कॉक्स-2 रोखणारे औषध सुरुवातीला दिले तर सूज कमी झाली. उशिरा दिले तर ती रेंगाळली. एकच औषध, एकच विकर, फक्त वेळ वेगळी. यावरून ताप-अंगदुखीच्या गोळ्या टाकून द्याव्यात असे कोणी समजू नये. तो प्रयोग उंदरांवरचा आहे. पण दाहविरोधी म्हणजे नेहमीच दाह संपवणारे असे नव्हे, हे त्या दिवसापासून मान्य करावे लागले.

अॅस्पिरिनची गंमत आणखी वेगळी निघाली. 1995 मध्ये सेरहान आणि जोआन क्लारिया यांनी दाखवले की अॅस्पिरिन कॉक्स-2 ला पूर्ण बंद पाडत नाही, त्याचे काम बदलते. बदललेले विकर जो मधला रेणू बनवते त्यापासून शेजारच्या पेशी लिपॉक्सिनचाच एक जास्त टिकाऊ प्रकार तयार करतात. शंभर वर्षे जे औषध केवळ ‘रोखणारे’ समजून दिले गेले, ते शरीराचे स्वतःचे दाहशामक वाढवतही होते.

2000 पासून यादी लांबत गेली. ओसरत्या दाहाच्या द्रवात ओमेगा-3 वर्गातल्या ईपीए आणि डीएचए या मेदाम्लांपासून बनलेले रिझॉल्व्हिन सापडले, मग प्रोटेक्टिन, 2009 मध्ये मॅक्रोफेजांनी बनवलेले मॅरेसिन. यांचे काम नुसते थांबवण्याचे नाही. ते नव्या न्यूट्रोफिलांची आवक बंद करतात आणि त्याच वेळी मॅक्रोफेजांना मेलेल्या पेशी उचलायला भाग पाडतात. आणि इथे अॅनेक्सिन परत येते: 2002 मध्ये लक्षात आले की कॉर्टिसॉलच्या आज्ञेने बनणारे हे प्रथिन आणि लिपॉक्सिन ए-4 हा स्निग्ध रेणू एकाच रिसेप्टरवर काम करतात. मेयो क्लिनिक आणि स्टॉकहोम इथून वेगवेगळे निघालेले दोन रस्ते पेशीच्या पृष्ठभागावर एका जागी भेटले.

मेलेल्या पेशी उचलण्याचा उल्लेख आला, तर त्याबद्दल थोडे. न्यूट्रोफिल अल्पायुषी असतात. शरीर रोज सुमारे 100 अब्ज नवे बनवते. दाहाच्या जागी ते फुटून सांडले तर त्यांच्यातली विकरे आसपासची ऊती खाऊन टाकतील. 1989 मध्ये जॉन सॅव्हिल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ते फुटत नाहीत. ठरल्यासारखे आक्रसून मरतात आणि मॅक्रोफेज त्यांना अखंड गिळतात. मेचनिकॉफ यांचे जुने निरीक्षण इथे वर आले. 1998 मध्ये त्यात भर पडली की असा घास घेतल्यावर मॅक्रोफेजाचा स्वभावच पालटतो: तो दाहाचे निरोप कमी पाठवतो आणि टीजीएफ-बीटासारखी शामक द्रव्ये सोडू लागतो. टीजीएफ-बीटा-1 चे जनुक नसलेले उंदीर जन्मल्यावर तीन-चार आठवड्यांतच अनेक अवयवांच्या दाहाने मरतात, हे 1992 मध्ये कळले होते. बाहेरचा जंतू नाही, जखम नाही. नुसता शामक नाही म्हणून मृत्यू.

प्रथिनांच्या बाजूने आणखी दोन शोध घ्यायला हवेत, आणि त्यातला एक चक्क लघवीत लागला. 1980 च्या दशकाच्या मध्यावर जिनिव्हात जाँ-मिशेल डायर यांच्या गटाला रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या लघवीत इंटरल्युकिन-1 चे काम अडवणारे काहीतरी सापडले. अमेरिकेत विल्यम अॅरेंड यांना तशीच वस्तू मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींनी बनवलेली आढळली. 1990 मध्ये जनुक हाती आले तेव्हा कळले की ते इंटरल्युकिन-1 च्याच घराण्यातले प्रथिन आहे. ते रिसेप्टरवर जाऊन बसते, पण निरोप देत नाही. जागा अडवून ठेवते, इतकेच. ही अडवणूक परिणामकारक व्हायला ते मूळ निरोप्याच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त लागते, कारण इंटरल्युकिन-1 ला मूठभर रिसेप्टर मिळाले तरी पुरतात. त्याची औषधी आवृत्ती, अनाकिन्रा, जंतुसंसर्गाच्या धक्क्यात अपयशी ठरली आणि 2001 मध्ये अमेरिकेत आमवातासाठी मंजूर झाली. तिथेही तिची कामगिरी मध्यमच. तिचे खरे स्थान 2009 मध्ये ठरले. जन्मापासून हाडांत आणि त्वचेत भयंकर दाह असलेल्या काही बाळांत या प्रथिनाचे जनुकच बिघडलेले आढळले. त्यांना अनाकिन्रा दिल्यावर दाह झपाट्याने ओसरला. शरीरात जे नव्हते तेच बाहेरून दिले, म्हणून.

दुसरे प्रथिन इंटरल्युकिन-10. 1989 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डीएनएएक्स संस्थेत टिम मॉसमन यांच्या गटाला टी पेशींचा (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा) एक प्रकार दुसऱ्या प्रकाराला गप्प करणारे काहीतरी सोडतो असे दिसले. 1993 मध्ये हे जनुक काढलेल्या उंदरांना आतड्याचा जुनाट दाह झाला, आणि ठरावीक जंतूंपासून मुक्त जागेत ठेवल्यावर तो बराच सौम्य राहिला. म्हणजे आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूंशी शरीराचे जे शांतपणे चालते, ते या प्रथिनाच्या राखणीवर. 2009 मध्ये इंटरल्युकिन-10 चा रिसेप्टर बिघडलेली, आतड्याच्या तीव्र दाहाने बेजार मुले सापडली; त्यांतल्या एकावरचा मूलपेशी प्रत्यारोपणाचा उपाय यशस्वी झाला. एप्स्टाइन-बार विषाणू तर या प्रथिनाची नक्कल स्वतःच्या जनुकांत बाळगतो, यजमानाचा प्रतिकार मंद ठेवायला. इतके सगळे असताना क्रोन्स या आतड्याच्या जुनाट दाहाच्या आजारात इंटरल्युकिन-10 टोचण्याचे प्रयोग 2000 च्या सुमारास फसले. लाभ जेमतेम, आणि मोठ्या मात्रेत दाहाच्या काही खुणा उलट वाढल्या. आतड्याच्या भिंतीत, हव्या त्या पेशीशेजारी, हव्या त्या घटकेला सुटणारे द्रव्य त्वचेखाली टोचून रक्तभर पसरवले की तेच काम करील, ही अपेक्षाच भाबडी होती. कॉर्टिसोनने पन्नास वर्षांपूर्वी हा धडा दिलेला होता.

मज्जासंस्थेचा भाग सर्वांत अलीकडचा आणि सर्वांत वादग्रस्त. केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने 2000 मध्ये दाखवले की जिवाणूचे विष दिलेल्या उंदरांत व्हेगस या मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूला विजेने चेतवले तर दाहकारक टीएनएफ घटते आणि प्राण्याचा रक्तदाब कोसळत नाही. या मज्जातंतूच्या टोकाशी सुटणारे अॅसिटिलकोलीन हृदय मंद करते हे ओटो लोवी यांच्या 1921 च्या बेडकावरच्या प्रयोगापासून माहीत होते. मॅक्रोफेजांनाही ते मंद करते, ही नवी बाब. संदेश प्लीहेपर्यंत नेमका कोणत्या मज्जातंतूने जातो, यावर शरीरक्रियातज्ज्ञांत अजून भांडण आहे. तरी 2025 मध्ये आमवातासाठी व्हेगस चेतवणारे, शरीरात बसवायचे उपकरण अमेरिकेत मंजूर झाले.

बाजारात मात्र वेगळीच घाई दिसते. रिझॉल्व्हिनांचा कच्चा माल ओमेगा-3, म्हणून माशाच्या तेलाच्या गोळ्या घ्या की दाह संपला, असे सरळ गणित विकले जाते. कच्चा माल भरपूर असणे आणि योग्य पेशीने योग्य वेळी त्याचे रूपांतर करणे यांत बरेच अंतर आहे. शिवाय रक्तात हे रेणू इतके अत्यल्प सापडतात की काही विश्लेषक रसायनशास्त्रज्ञ जुन्या मोजण्यांवरच शंका घेतात, आणि सेरहान यांच्या बाजूचे लोक त्यांना उत्तरे देत आहेत. हा वाद तांत्रिक दिसला तरी किरकोळ नाही.

औषध म्हणून या रेणूंची मोठी अडचण अशी की ते काही मिनिटांत मोडतात. जागच्या जागी बनून लगेच नाहीसे होणे शरीराच्या सोयीचे आहे, बाटलीत भरणाऱ्याच्या नाही. म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्यांच्या टिकाऊ प्रतिकृती करत आहेत. लिपॉक्सिनच्या अशा एका प्रतिकृतीचे मलम एक्झिमा झालेल्या 60 तान्ह्या मुलांवर वापरून पाहिल्याचा अहवाल 2013 मध्ये आला. नेहमीच्या स्टेरॉइड मलमाइतकाच गुण त्यात दिसला. 60 मुलांवरून फार काही ठरत नाही. मोठ्या चाचण्यांना अजून वाव आहे.